बोटीवरच्या वायरलेसलाही ‘सातबारा’ हवा

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो आणि देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरांवर एकच धांदल उडते. जाळी सांधून झालेली असतात, इंजिनाचे काम उरकलेले असते. बर्फ, डिझेल, किराणा बोटीत चढतो. नाखव्याच्या खर्चाच्या यादीत अलीकडे आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे वायरलेस सेट. तो केबिनमध्ये तांडेलाच्या हाताशी बसवला, वर अँटेना बांधली, शेजारच्या बोटीशी ‘बांगडा कुठे लागला’ एवढे बोलणे झाले, की सेट चालू झाला असे सगळे समजतात.

नव्या सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असते. संकटात ते दाबायचे, हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. पण ते दाबल्यावर कोणाला कळणार आणि काय कळणार, हा प्रश्न विकणारा काढत नाही आणि घेणाराही विचारत नाही. खरी गोष्ट अशी, की सेटमध्ये बोटीचा नंबर भरलेला नसेल तर बहुतेक सेटवरचे हे बटण कामच करत नाही. नंबर भरला, पण त्या नंबरापुढची नोंद जुनी किंवा खोटी असेल, तर हाक जाते; मात्र ती कोणाची हे शोधण्यात वेळ जातो. बुडत्या बोटीला तेवढा वेळ नसतो.

शेतकरी वाचक म्हणतील, हा विषय दर्यावरच्यांचा, आमचा काय संबंध? संबंध आहे. किनाऱ्यालगतच्या गावात भाताची कापणी आटोपून बोटीवर खलाशी म्हणून जाणारा एखादा तरी घरटी सापडतो. आंब्याच्या बागेत वर्षभर राबणाऱ्याचा भाऊ नाहीतर भाचा पर्ससीनवर असतो. आणि बोट वेळेवर आली नाही, की रात्री-अपरात्री फोन जातो तो सरपंचांना, पोलीस पाटलांना, सोसायटीच्या चेअरमनना. त्यावेळी ‘बोटीवर कोण कोण होते?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर गावात कोणाकडेच नसते, असे होता कामा नये.

नऊ आकड्यांची ओळख

जमिनीला गट नंबर असतो. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. तसाच समुद्रावरच्या वायरलेसला नऊ आकडी नंबर असतो. त्याला ‘एमएमएसआय’ म्हणतात. जगात कुठेही तो नऊ आकडीच असतो आणि एका नंबराची एकच बोट असायला हवी. बोटींच्या नंबरातले पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे आकडे ४१९. म्हणजे ४१९ ने सुरू होणारा नंबर परदेशी जहाजाच्या पडद्यावर उमटला, तरी बोट हिंदुस्थानातली आहे हे त्या कप्तानाला तात्काळ कळते. पुढचे सहा आकडे त्या बोटीचे स्वतःचे.

आता कोणी म्हणेल, बोटीला नाव आहे, नाळीवर नोंदणी क्रमांक रंगवलेला आहे, मग आणखी नंबर कशाला? याचे उत्तर बंदरावर उभे राहिले तरी मिळते. एकाच बंदरात देवाच्या एकाच नावाच्या दोन-तीन बोटी असतात. शेजारच्या तालुक्यात आणखी चार. अंधारात, पावसात, इंजिनाच्या धडधडीत नुसते नाव ओरडले तर ऐकणाऱ्याने कोणती बोट समजायची? शिवाय भाषेचा घोळ. आपला तांडेल मालवणीत बोलणार, केरळचा मल्याळममध्ये, वेरावळचा गुजरातीत. आणि जवळून जाणाऱ्या मालवाहू जहाजावरच्या माणसाला यातले काहीच समजणार नाही. नंबराला भाषा नसते. नऊ आकडे कोणत्याही यंत्राला वाचता येतात, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

बटण दाबल्यावर काय होते?

लाल बटणावरचे झाकण उघडून ते साधारण तीन ते पाच सेकंद दाबून धरावे लागते. चुकून हात लागून हाक जाऊ नये यासाठी ही सोय. बटण धरल्यावर सेट आपोआप ७० नंबरच्या चॅनलवरून एक छोटा संदेश सोडतो. त्यात बोलणे नसते. त्यात बोटीचा नऊ आकडी नंबर, बोटीचे ठिकाण आणि वेळ एवढे असते. सवड असली तर आग, पाणी भरणे, टक्कर, बुडणे, माणूस पाण्यात पडणे यांपैकी कारणही निवडून पाठवता येते. कोणी पोच दिली नाही तर सेट सुमारे चार-चार मिनिटांनी तोच संदेश स्वतःहून पुन्हा सोडत राहतो. तांडेलाचे हात पंपावर आणि दोरखंडावर गुंतलेले असताना ही केवढी मदत आहे, ते दर्यावर गेलेल्यालाच कळेल.

१ फेब्रुवारी १९९९ पासून परदेशी वाहतुकीच्या मोठ्या जहाजांवर संकटाच्या हाकेची ही जागतिक पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि जुन्या तारायंत्राचे ‘कट्ट-कड-कट्ट’ मागे पडले. अशा जहाजांना ७० नंबरचे चॅनल सतत ऐकत ठेवणे बंधनकारक आहे. मुंबईहून कोचीकडे जाणारी-येणारी मोठी जहाजे आपल्या किनाऱ्यासमोरून जातात. म्हणजे तटरक्षक दलाची बोट लांब असली, तरी हाक ऐकणारा कोणी तरी टप्प्यात असण्याची शक्यता असते.

संदेश मिळाल्यावर बचाव केंद्र पहिली गोष्ट करते ती म्हणजे नंबर नोंदवहीत शोधणे. देशादेशांकडून आलेल्या नोंदी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या यादीतही एकत्र ठेवल्या जातात. नोंद नीट असेल तर बोट केवढी, लाकडी की फायबरची, तिच्यावर किती माणसे जातात, मालक कोण, किनाऱ्यावर फोन कोणाला करायचा, हे शोधायला जाणाऱ्यांना आधीच कळते. चाळीस फुटी बोट शोधायची की छोटी होडी, यावर विमान किती खालून न्यायचे आणि किती बारकाईने बघायचे हे ठरते. नोंद नसेल तर यातले काहीही नसते. समुद्रात कोणी तरी ओरडले, एवढेच.

ठिकाण आपोआप जाण्यासाठी सेटला जीपीएस जोडलेला असला पाहिजे. काही सेटमध्ये तो आतच असतो, काहींना बाहेरच्या जीपीएसची वायर जोडावी लागते. पुष्कळदा काय होते, केबिनमध्ये जीपीएस एका बाजूला आणि वायरलेस दुसऱ्या बाजूला. दोन्ही चालू, पण मधली वायरच नाही. मग नंबर जातो, ठिकाण जात नाही. बसवणाऱ्याकडून ही जोडणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि सेटच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश दिसतात की नाही, ते बघूनच पैसे द्यावेत.

तोंडाने हाक कशी द्यावी?

बटण दाबले म्हणजे काम संपले असे नाही. त्यानंतर लगेच १६ नंबरच्या चॅनलवर तोंडाने बोलायचे. हे चॅनल जगभर संकटासाठी आणि पहिल्या हाकेसाठी राखलेले आहे. हाकेचा शब्द ‘मेडे’. फ्रेंच भाषेतल्या ‘मला मदत करा’ या अर्थाच्या शब्दांवरून तो आला. आपल्याकडच्या तांडेलांनी तो देवाच्या नावासारखा पाठ करून ठेवावा. समजा बोटीचे नाव ‘लक्ष्मीप्रसाद’ आहे आणि ती देवगडच्या पश्चिमेला आहे. मग हाक अशी द्यावी:

‘मेडे, मेडे, मेडे. लक्ष्मीप्रसाद, लक्ष्मीप्रसाद, लक्ष्मीप्रसाद. नंबर चार-एक-नऊ…’ असे पुढचे सहाही आकडे सुटे सुटे सांगावेत. मग पुन्हा ‘मेडे, लक्ष्मीप्रसाद. ठिकाण १६ अंश २२ मिनिटे उत्तर, ७३ अंश ६ मिनिटे पूर्व. देवगडपासून पश्चिमेला १५ मैल. बोटीत पाणी भरते आहे. तातडीने मदत पाहिजे. बोटीवर सात माणसे आहेत. ओव्हर.’

नंतर बटण सोडून ऐकावे. हे महत्त्वाचे. घाबरलेला माणूस बोलण्याचे बटण दाबूनच ठेवतो आणि समोरच्याचे उत्तर त्याला ऐकूच येत नाही. एकाने बोलावे, बाकीच्यांनी कामाला लागावे. हिंदीत बोलले तरी चालेल. शब्द ‘मेडे’ आणि आकडे मात्र स्पष्ट हवेत. जिवावर बेतलेले नाही, पण अडचण मोठी आहे, म्हणजे इंजिन बंद पडून बोट वाहवत आहे किंवा खलाशी आजारी आहे, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ हा शब्द तीन वेळा म्हणण्याची पद्धत आहे.

आणि हो, १६ नंबरच्या चॅनलवर सुरमईचा भाव विचारायचा नसतो. तुम्ही तिथे गप्पा मारत असताना दुसऱ्याची हाक दबून जाते. पहिली हाक तिथे देऊन लगेच दुसऱ्या चॅनलवर जावे.

‘मोबाइल आसा मा!’

‘मोबाइल आसा मा, मगे वायरलेस कित्याक व्हयो?’ असे म्हणणारे आजही भेटतात. मोबाइलचा टॉवर जमिनीवरच्या माणसासाठी उभारलेला असतो. किनारा मागे पडू लागला, की रेंज जाते. शिवाय मोबाइल एकालाच लागतो. वायरलेसवरची हाक टप्प्यातल्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते, आणि समुद्रात सर्वांत आधी पोहोचतो तो बहुधा शेजारचा मच्छीमारच.

पण वायरलेसलाही मर्यादा आहेत, त्या लपवून चालणार नाहीत. या लहरी सरळ रेषेत जातात. अँटेना जेवढी उंच तेवढा टप्पा लांब. दोन लहान बोटींमध्ये दहा-पंधरा सागरी मैल, तर किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यापर्यंत पंचवीस-तीस मैल, असा ढोबळ हिशेब धरावा. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हातात धरायच्या छोट्या सेटची ताकद ५ वॅटच्या आसपास, तर बसवलेल्या सेटची २५ वॅट असते. म्हणून लांब जाणाऱ्या बोटीने नुसत्या वायरलेसवर विसंबू नये.

त्यासाठी उपग्रहावरून हाक देणारी यंत्रे आहेत. ‘इस्रो’ने तयार केलेले ‘डॅट’ हे मच्छीमारांसाठीचे संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. आग, बोट बुडणे, माणूस पाण्यात पडणे, आजारपण अशा संकटांची बटणे त्यावर असतात. जानेवारी २०२४ मध्ये ‘इस्रो’ने त्याची दुसरी पिढी आणली. तिच्यात हाक पोहोचल्याची पोच बोटीवर परत येते. पाण्यात पडलेल्या माणसाला ‘कोणी तरी ऐकले आहे’ एवढे कळले तरी त्याचा धीर टिकतो. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांसाठीच्या संपर्क यंत्रणेचा देशपातळीवरचा आरंभ झाला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना आहे. आपल्या बोटीचा त्यात समावेश झाला की नाही, याची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे करावी.

यंत्र कोणतेही असो, नियम एकच. प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर असतो आणि तो नंबर कोणाच्या नावे, कोणत्या बोटीवर आहे, ही नोंद कुठे तरी झालेली असते. ती नोंद खरी तर यंत्र खरे. एका बोटीचे ‘डॅट’ काढून दुसऱ्या बोटीवर टांगणे म्हणजे एका बैलाचा बिल्ला दुसऱ्या बैलाच्या कानात अडकवण्यासारखे आहे. संकटात शोध भलत्याच बोटीचा होईल.

नोंद कशी करावी?

वायरलेस सेट हा रेडिओ किंवा टीव्ही नव्हे. हवेत लहरी सोडणारे यंत्र ठेवायला परवाना लागतो. पूर्वी १८८५ चा तार कायदा व १९३३ चा बिनतारी कायदा यांखाली हे नियम होते. त्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा करण्यात आला. परवाना देण्याचे काम केंद्राच्या दूरसंचार विभागाच्या ‘डब्ल्यूपीसी’ शाखेकडे आहे आणि अर्ज ‘सरल संचार’ या संगणकीय व्यवस्थेतून करावा लागतो. भारतीय नौकांना नऊ आकडी नंबर देण्याचे काम नौवहन महासंचालनालयाचे आहे. त्याचे कार्यालय मुंबईत आहे.

एकट्या नाखव्याला हे सगळे अवघड वाटेल. म्हणून सुरुवात जवळच्या ठिकाणाहून करावी. मत्स्यव्यवसाय परवाना अधिकारी किंवा जिल्ह्याचे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात जावे. सोसायटीने दहा-वीस सभासदांचे कागद एकत्र केले, तर एकाच हेलपाट्यात सर्वांची कामे मार्गी लागू शकतात. शुल्क आणि कागदांची यादी वेळोवेळी बदलते, त्यामुळे ती त्या वेळी विचारून घ्यावी. तरीही पुढील गोष्टी हाताशी ठेवल्या तर खोळंबा होणार नाही:

१. नौकेच्या नोंदणीचा दाखला व चालू मासेमारी परवाना. बोटीचे नाव, लांबी आणि मालकाचे नाव दोन्ही कागदांवर एकच आहे ना, हे आधी तपासावे.

२. सेट विकत घेतल्याची पक्की पावती. तिच्यावर कंपनी, मॉडेल आणि सेटचा अनुक्रमांक असलाच पाहिजे. बंदरावर पिशवीतून विकायला आणलेला, पावती नसलेला सेट स्वस्त वाटतो. पण त्याची नोंद होणे कठीण आणि तपासणीत सापडला तर त्रास मालकालाच.

३. मालकाचे ओळखपत्र व पत्ता.

४. बोटीचे वर्णन: रंग, प्रकार, इंजिन, नेहमीचे बंदर, जास्तीत जास्त किती माणसे जातात आणि बोटीवर आणखी कोणती संपर्क यंत्रे आहेत.

५. किनाऱ्यावरच्या किमान दोन माणसांचे फोन नंबर.

या पाचव्या मुद्द्यावर थोडे थांबू या, कारण हीच चूक सर्वांत सोपी आहे. तांडेल स्वतःच मालक असला, की तो संपर्कासाठी आपलाच मोबाइल नंबर लिहून देतो. अहो, बोट बुडताना तो मोबाइल कुठे असणार? बोटीवरच! बचाव केंद्र फोन लावणार आणि तो ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असणार. म्हणून नंबर द्यायचा तो घरच्या माणसाचा, सोसायटीच्या सचिवाचा किंवा रात्री फोन उचलणाऱ्या शेजाऱ्याचा. बोट कधी निघाली, कोणत्या बाजूला गेली आणि बरोबर कोण आहे, हे त्याला सांगता आले पाहिजे.

नंबर हाती आल्यावर तो सेटमध्ये भरताना घाई करू नये. बहुतेक सेटमध्ये हा नंबर एकदाच भरता येतो, फार तर दोनदा. एक आकडा चुकला तर सेट विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडे पाठवावा लागतो. एकाने कागद वाचावा, दुसऱ्याने आकडे दाबावेत आणि पक्के करण्यापूर्वी पुन्हा एकदा मोठ्याने वाचून घ्यावेत. ‘तात्पुरता कोणताही नंबर टाकून देतो’ असे कोणी म्हणाले तर साफ नाही म्हणावे. तो नंबर दुसऱ्या कोणाचा तरी असेल. मग तुमच्या संकटात फोन जाईल त्याच्या घरी, आणि घरचे सांगतील, ‘आमची बोट तर धक्क्याला लागली आहे.’ तिथेच शोध थंडावण्याचा धोका असतो.

बोट विकली, फेरफार केला का?

जमिनीचे खरेदीखत झाले पण सातबाऱ्यावर नाव लागले नाही, तर काय काय भोगावे लागते हे शेतकऱ्याला सांगायला नको. कर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई जुन्या मालकाच्या नावे निघते. खातेफोड, वारस नोंद, फेरफार यासाठी आपण तलाठ्याकडे खेटे घालतो, कारण कागदावर नाव नसेल तर आपली जमीन आपली राहत नाही.

बोटीच्या वायरलेसचेही अगदी तसेच आहे, फक्त इथे जमिनीऐवजी जीव पणाला लागलेला असतो. बोट विकली जाते, तिच्याबरोबर सेटही जातो. नवा मालक बोटीचे नाव बदलतो, रंग बदलतो, कधी दुसऱ्या तालुक्यात नेतो. नोंदीत मात्र जुने नाव, जुना रंग, जुना फोन. उद्या त्या बोटीने हाक दिली तर शोधणारे निळी बोट शोधतील आणि बुडणारी असेल हिरवी. म्हणून विक्रीच्या कागदातच वायरलेसचा नंबर, ‘डॅट’ किंवा ट्रान्सपाँडरचा क्रमांक लिहावा आणि ‘नोंद बदलून घेण्याची जबाबदारी अमुक याची’ असे स्पष्ट करावे. विकणाऱ्याने कळवावे की बोट आता आपली नाही. घेणाऱ्याने कळवावे की ती आता आपली आहे. बोट मोडीत काढली तरी कळवावे. फोन नंबर बदलला, संपर्काचा माणूस वारला किंवा परगावी गेला, तरी तेच.

वर्षातून एकदा, बंदीच्या दोन महिन्यांत, बोट किनाऱ्यावर असताना ही नोंद तपासायची असा रिवाज पडला तर उत्तम. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासतो, त्यातलेच हे काम आहे.

चुकून बटण दाबले गेले तर?

हे होऊ शकते. नवा खलाशी उत्सुकतेने झाकण उघडतो, कोणी पुसताना दाबतो. मग दंडाच्या भीतीने सेट बंद करून गप्प बसण्याचा मोह होतो. तसे करू नये. तुमचा नंबर पुढे गेलेला आहे, तुम्हाला शोधायला कोणी तरी निघणार आहे; आणि त्याच वेळी खरोखर बुडणाऱ्या बोटीला मदत मिळायला उशीर होईल. ताबडतोब १६ नंबरच्या चॅनलवर यावे, बोटीचे नाव व नंबर सांगावा आणि ‘हाक चुकून गेली, आम्ही सुखरूप आहोत, हाक रद्द समजावी’ असे सांगावे. उपग्रहावरचे यंत्र चुकून चालू झाले असेल तर तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. सेट चालतो की नाही हे बघण्यासाठी लाल बटण कधीच दाबू नये. शेजारच्या बोटीला साध्या चॅनलवर हाक मारून आवाज येतो का, एवढे विचारले तरी पुरते.

गावाने काय करावे?

डिसेंबर २०१७ ची आठवण देवगडकरांना असेल. ‘ओखी’ वादळाने केरळ आणि तामिळनाडूच्या मच्छीमारांची दाणादाण उडवली. त्यातल्या ६८ बोटी आणि ९५२ माणसे वाचून देवगडच्या आश्रयाला आली. ६६ बोटी केरळच्या, दोन तामिळनाडूच्या. तिकडे किनाऱ्यावर बायकामुले वाट बघत होती आणि नेमके किती जण समुद्रात आहेत, याचा हिशेब लागता लागत नव्हता. जे वाचले ते दुसऱ्याच राज्यात सुखरूप आहेत हेही घरी कळायला वेळ लागला. आपल्या बंदरात आलेल्या त्या पाहुण्यांनी जाताना एक धडा ठेवला. वादळ कोणाला कुठे नेऊन टाकील सांगता येत नाही. तेव्हा माणसाआधी त्याची ओळख पोहोचली पाहिजे.

सरकारी नोंद सरकार ठेवील. पण गावपातळीवर एक साधी वही ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. मच्छीमार सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने तिच्यात प्रत्येक बोटीचे एक पान करावे. बोटीचे नाव, नोंदणी क्रमांक, वायरलेसचा नऊ आकडी नंबर, ‘डॅट’ वा ट्रान्सपाँडरचा क्रमांक, रंग, मालक, तांडेल आणि घरच्यांचे दोन फोन. खलाशी बदलत असतात. काही जण तर घाटावरून आणि नेपाळमधून येतात. त्यांची नावे व गावचा फोन फेरीपूर्वी लिहून ठेवावा. परक्या मुलखातल्या खलाशाचे घर शोधायची वेळ आली तर ही एकच ओळ उपयोगी पडते. वहीची एक प्रत पोलीस पाटलांकडे असावी.

ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय घ्यायला हरकत नाही. सरपंचांनी परवाना अधिकाऱ्यांना बोलवावे, सागरी पोलीस ठाण्यातून कोणी आले तर आणखी चांगले. एक सेट टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवावा. बायकांनाही बोलवावे, कारण फोन त्याच उचलतात. बोट ठरल्या वेळी आली नाही तर किती तास वाट बघायची आणि मग कोणाला कळवायचे, हे घरोघरी ठरलेले असावे. १५५४ हा तटरक्षक दलाचा आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

फेरीवर निघण्यापूर्वी

शेवटी तांडेलांसाठी थोडक्यात. सेटच्या पडद्यावर नऊ आकडी नंबर दिसतो का? अक्षांश-रेखांश दिसतात का? अँटेनाचा सांधा गंजला आहे का? खाऱ्या हवेत तोच आधी जातो. बॅटरी इंजिनच्या तळाशी असेल तर पाणी भरल्यावर सर्वांत आधी तीच बुडेल आणि सेट मुका होईल. वायरलेससाठी एक वेगळी बॅटरी उंचावर ठेवता येते का, हे बघावे. तांडेलाशिवाय आणखी दोघांना तरी हाक देता येते का? तांडेलच पाण्यात पडला तर बटण कोण दाबणार? मेडेची हाक आणि बोटीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून सेटशेजारी चिकटवावा. भीतीच्या वेळी पाठ केलेलेही आठवत नाही, लिहिलेले मात्र वाचता येते.

सेटला हजारो रुपये मोजतो, नोंदीला बहुतेक हेलपाटेच लागतात. हेलपाट्याचा कंटाळा येतो हे खरे. पण सातबाऱ्यावर नाव लावायला आपण वर्षानुवर्षे हेलपाटे घालत आलोच आहोत. हे काम त्याहून निकडीचे आहे. ज्यांच्या बोटीवर सेट आहे त्यांनी आजच पावती आणि परवाना शोधून काढावा. आणि ज्यांच्या घरचा मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे, त्यांनी नाखव्याला एवढेच विचारावे: ‘बोटीचा नंबर काय, आणि नोंदीत आमच्या घरचा फोन आहे का?’ विचारण्यात कमीपणा नाही. मुलगा तुमचा आहे.